चुली एकोणीस, वापर नाही

ते चालत असताना त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एखादा नवखा माणूस रस्त्यात आडवा येऊन नमस्कार करी, तेव्हा ते उजव्या हाताचं एक बोट वर करत आणि तसेच पुढे जात. त्यात उद्धटपणा मुळीच नसे. त्यांचा आकडा चालू असे. पोस्टापासून वाचनालय चारशे बारा पावलं, वाचनालयापासून माझी शाळा दोनशे सदुसष्ट. मुक्कामी पोहोचले की ते थांबत, ओठांतल्या ओठांत आकडा संपवत आणि मग मागे वळून त्या नमस्काराला उत्तर देत. तोवर नमस्कार करणारा आपल्या वाटेला लागलेला असे. उत्तर बहुतेक वेळा मोकळ्या रस्त्यालाच मिळे.

त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब ते कधीच नव्हते. मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून लागले आणि भूकरमापक म्हणूनच निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी साखळीनं मोजल्या. निवृत्तीच्या दिवशी साखळी कार्यालयात जमा केली, पण पाय मोजतच राहिले. अडीच फुटांचं पाऊल. ते चढावर आखूड होत नसे, उतारावर लांब होत नसे, अंत्ययात्रेतसुद्धा बदलत नसे. तिरडीला खांदा द्यायला साहेब नकोत, असं लोक हळूच म्हणत; बाकीच्या तिघांची पावलं त्यांच्याशी जुळत नसत.

अंगानं उंच, वाळलेले. पांढऱ्या सदऱ्याचा खिसा शाईनं कायमचा निळसर झालेला. पायांत नाड्या नसलेले कॅनव्हासचे बूट. जुन्या नकाशांना मागून कापड लावलेलं असतं. त्या कापडाच्या खळीचा एक आंबूस, कोरडा वास असतो. तो वास त्यांच्या अंगाला होता. ते वाचनालयात आले की मला पुस्तकावरून मान वर न करताही कळे.

खांद्याला फिरकीचा पितळी तांब्या लटकत असे. नोकरीत असताना कोणाही जमीनमालकाच्या घरचं पाणी ते प्यायले नाहीत. ज्याचं पाणी पोटात जातं त्याच्या बाजूला साखळी जरा सैल सुटते, असं त्यांचं म्हणणं. नोकरी संपल्यावर कोणाची जमीन मोजायची उरली नव्हती, तरी तांब्या सुटला नाही. लग्नाकार्यातही ते आपल्या तांब्यातलंच पाणी पीत. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मांडव त्यांना दीड हातानं पूर्वेला सरकलेला दिसला, तेव्हा वऱ्हाड दारात उभं असताना त्यांनी चार खांब उपटून पुन्हा रोवायला लावले. मुलगी पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट हसत सांगायची. तिच्या आईला मात्र ती कधी हसून सांगता आली नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ती वर्षं. जालन्याच्या एमआयडीसीकडे आमच्या गावातून रोज पहाटे टेम्पो भरून माणसं जात आणि संध्याकाळी अंगावर लोखंडाचा वास घेऊन परतत. गाव वाढत होतं आणि वाढताना कुठे बसावं हे त्याला कळत नव्हतं. आठवडी बाजार मुख्य रस्त्यावर मावेनासा झाला होता. बाजाराच्या दिवशी एसटी अर्धा अर्धा तास मिरच्यांच्या ढिगांमध्ये अडकून राही. अशात गावाच्या विकास आराखड्याचा मसुदा तयार झाला, आणि लोकांचं म्हणणं गोळा करून त्यावर सल्ला द्यावा म्हणून सात जणांची नागरिक समिती नेमली गेली. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. समितीत एक बाई हवी होती आणि माझं अक्षर चांगलं होतं. एवढ्या दोन कारणांवर माझी निवड झाली. पहिल्या बैठकीला सातही जण आले, दुसरीला पाच. चौथ्या बैठकीपासून आम्ही तिघं उरलो: साहेब, मी, आणि कापडाचं दुकान असलेले एक शेटजी. शेटजींना घरी साखरेचा चहा बंद केलेला होता. बैठकीत तो मिळत असे.

बैठका वाचनालयाच्या मागच्या खोलीत होत. नकाशा टेबलावर पसरायचा: पिवळ्या रंगात घरं, हिरव्यात शेतं, जांभळ्यात कारखाने, आणि मधेमधे आरक्षणांचे, म्हणजे सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांचे, लाल चौकोन, प्रत्येकाच्या पोटात एक आकडा. पण नकाशाची उत्तर आणि जमिनीची उत्तर एका रेषेत आल्याशिवाय साहेब नकाशाकडे बघत नसत. म्हणून दर बैठकीआधी ते टेबल फिरवत. मग टेबलाचा एक कोपरा दारात येई, खुर्च्या भिंतीला घासत, आणि शेटजींना पोट आत घेऊन बसावं लागे. शिपाई दर वेळी टेबल सरळ करून ठेवी, साहेब दर वेळी फिरवत. शेवटी शिपायानं धीर करून, हे टेबल वाकडं दिसतं, असं सांगितलं.

"टेबल बराबर हाय," साहेब म्हणाले. "बिल्डिंग वाकडी बांधली."

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. मी एकदा इतिवृत्तात 'अंदाजे तीन गुंठे' असं लिहिलं, तर त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला त्या जागेवर नेऊन उभं केलं. तिथून पुढे तीच समितीची रीत झाली. ज्या जागेवर मत द्यायचं ती आधी पायाखालून घालायची. जागेच्या हद्दीवर ते बूट काढत, मलाही चपला काढायला लावत, आणि मग आम्ही अनवाणी त्या जागेच्या चारी कडा चालत असू. ते मोजत, मी वहीत लिहून घेई. शेटजी रस्त्यावर स्कूटरपाशी थांबत.

"कागद मागून येतो, बाई," ते मला म्हणत. "आधी पाऊल. पाऊल खोटं बोलत न्हाई."

त्या थंडीत आम्ही गावाभोवतीची जवळजवळ प्रत्येक लाल चौकट पायांनी वाचली. मी कवितांत वाढलेली बाई. शब्दांना वास असतो, रंग असतो, हे मला शिकवलं गेलं होतं. पण शेताच्या कडेची भुसभुशीत माती, रस्त्याकाठची मुरमाड, आणि ज्या वाटेनं पिढ्यान्‌पिढ्या माणसं गेली तिथली घट्ट, थंड, जवळजवळ ओलसर वाटणारी माती यांतला फरक माझ्या तळव्यांना त्या माणसानं शिकवला. समितीकडून दुसरं काही मिळालं नाही, पण ते मिळालं. ते उपयोगात आणायची वेळ आली तेव्हा मी आणलं नाही, ही वेगळी गोष्ट.

ही सगळी पायपीट थंडीतच करायची, हा त्यांचा हट्ट होता आणि त्याला तेहतीस वर्षांच्या धंद्याचा आधार होता. पावसाळ्यात गवत हद्दीचे दगड गिळतं. उन्हाळ्यात मोजणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसतं. पौषात जमीन उघडी पडते, आणि मोजणी उघड्या जमिनीचीच करायची असते. एखादी जागा पाहायची तर केव्हा पाहायची, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही. माझ्याही नाही.

मसुद्यात आठवडी बाजारासाठी जी जागा लाल केलेली होती ती माझ्या शाळेचं मैदान होती. ते मैदान कागदावर शाळेचं नव्हतं. आमच्या मुली तिथे खो-खो खेळत एवढंच. मी समितीत आले तेव्हा माझ्या मनात दुसरा कोणताही हेतू नव्हता, पण नकाशा पाहिल्यापासून एकच होता: तो लाल चौकोन तिथून उठला पाहिजे. मी ते लपवलं नाही. साहेबांनीही मैदान मोजलं, मुलींच्या धावण्याच्या रेघा मोजल्या आणि वहीत 'रोज वापर' असं लिहिलं. मग बाजाराला दुसरी जागा शोधणं आलं. ओढ्यापलीकडे, तीर्थपुरीच्या जुन्या रस्त्याला लागून, सरकारी गायरानाचा एक तुकडा होता. रस्ता जवळ, पाणी जवळ, कोणाचं नाव नाही. आम्ही पौषातल्या एका सकाळी तिथे गेलो.

ती सकाळ मला हवी त्याहून जास्त स्पष्ट आठवते. वाळलेल्या कुसळांवर दव होतं आणि ओढ्याच्या बाजूनं करडईच्या शेतावरून येणारा गार वारा. कुसळं अचानक संपत आणि एखाद्या खोलीएवढी चौकोनी जागा लागे, साफ, सपाट. पुन्हा कुसळं, पुन्हा चौकोन. प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्यात तीन दगड, आतल्या बाजूनं काळे. एका ठिकाणी विटांच्या वर्तुळात सदाफुली होती, वाळलेली, पण मुळं धरून. त्या चौकोनांवर पाय ठेवला की तळव्याला गुळगुळीत लागत होतं. सारवलेल्या जमिनीचा तो स्पर्श कोणाही बाईला डोळे मिटून ओळखता येईल. मला तेव्हा कळलं होतं का? इतक्या वर्षांनंतर मी एवढंच म्हणू शकते की माझ्या पायांना कळलं होतं. मी त्या काळ्या दगडांच्या रांगा पाहिल्या आणि मला त्या सुंदर वाटल्या. मग मला मैदान आठवलं, आणि मी वही उघडली.

ते मोजत गेले, मी लिहीत गेले. लांबी, रुंदी, बाभळी तीन, हद्दीचे दगड दोन, एक गायब. चुली एकोणीस. त्या त्यांनी वाकून, बोट लावून मोजल्या. राख थंड होती. शेवटच्या रकान्यात त्यांनी सांगितलं तसं मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: वापर नाही.

समितीनं बऱ्याच सूचना पाठवल्या. रस्त्यांच्या, गटारांच्या, स्मशानाच्या वाटेच्या. त्यांतली एकच मान्य झाली. लाल चौकोन शाळेच्या मैदानावरून उठला आणि ओढ्यापलीकडे जाऊन बसला. शेटजींनी भजी मागवली. साहेबांनी भजी खाल्ली नाहीत, पण त्या दिवशी ते वाचनालयातून घरी न मोजता गेले असावेत. रस्त्यात कोणाशी तरी बोलताना मी त्यांना पाहिलं.

चैत्रात ट्रक आले.

आमच्या भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. अंकुशनगरचा कारखाना हाकेवर आहे, पण ओढ्यापलीकडच्या टोळीचा मुकादम कोल्हापूरकडचा, त्यामुळे ती माणसं तिकडे जात आणि पाडव्याच्या सुमाराला परत येत. जाताना पत्रे, बांबू, भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं ट्रकमध्ये घालून नेत. तिकडच्या फडाशेजारी त्याच पत्र्यांची खोपटी उभी राहत. इथे मागे उरत त्या चुली. हे गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. फक्त समितीतल्या कोणाला ते त्या जागेच्या संदर्भात आठवलं नाही, कारण आम्ही ती जागा स्वतः पाहून आलो होतो.

परतलेल्या माणसांना तिथे नगर परिषदेचा नवा फलक दिसला: नियोजित आठवडी बाजार. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतली एक बाई वाचनालयाच्या मागच्या खोलीत आली. कौसाबाई तिचं नाव. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, बोटांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. तिच्या मागे दारात आणखी सात-आठ जण उभे होते, पण आत ती एकटीच आली. फिरवलेल्या टेबलाला वळसा घालताना तिचा पदर खुर्चीला अडकला, तो तिनं शांतपणे सोडवला.

"हितं कुणी ऱ्हात न्हाई, आसं कुणी लिव्हलं?"

शेटजी माझ्याकडे बघू लागले. अक्षर माझं होतं.

"मी," साहेब म्हणाले.

"तुमी आल्ते का तिथं?"

"आल्तो. पौषात."

"पौषात आमी उसात आसतो."

साहेबांनी वही जवळ ओढली.

"चुली न्हाई का दिसल्या?"

"दिसल्या. एकोणीस हायेत."

ती थबकली. आकडा बरोबर होता, आणि मला वाटतं त्या बरोबर आकड्यानंच तिला जास्त लागलं.

"मोजल्या आन् तरी लिव्हलं?" ती म्हणाली. "थंड चूल म्हंजी कुणी मेलं का, साहेब? मानूस कामाला गेलंय, यवढंच की."

शेटजी मध्ये पडले. बाजार झाला तर गावाचं भलंच आहे, तुम्हाला दुसरीकडे कुठेतरी जागा मिळेल, असं काहीसं समजुतीचं बोलू लागले. कौसाबाईनं त्यांना विचारलं की दुसरीकडे म्हणजे कुठे, ते ह्या कागदावर बोट ठेवून दाखवा. शेटजींनी नकाशावर बोट फिरवलं. ते पिवळ्यावरून हिरव्यावर गेलं, हिरव्यावरून जांभळ्यावर, आणि मग त्यांनी ते उचलून घेतलं.

ती गेल्यावर साहेब बराच वेळ वहीचं ते पान बघत होते. मी म्हटलं, चूक माझीही आहे, मलाही दिसलं होतं. त्यांनी बोट वर केलं. बसल्या जागी ते काय मोजत होते, मला कळलं नाही.

त्यानंतर दसऱ्यापर्यंतचे महिने अर्जांचे होते. ते सांगत, मी लिही. समितीनं दिलेला सल्ला चुकीच्या पाहणीवर आधारलेला होता, सबब तो मागे घेत आहोत. आधी इथे, मग जिल्ह्याला, मग त्याच्याही वर. ते एसटीनं जात, दिवसभर बाकावर बसत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. एकदा मीही गेले होते. तिथला अधिकारी चांगला माणूस होता. त्यानं आम्हाला पंख्याखाली बसवलं, अर्ज पूर्ण वाचला आणि सौम्यपणे सांगितलं की हरकतींची मुदत संपून गेली आहे. शिवाय समिती केवळ सल्ल्यापुरती असते. तिला सल्ला देता येतो, दिलेला सल्ला परत घेण्याची तरतूद नाही.

"माझं मोजमाप बिलकुल बराबर हाये," साहेब त्याला म्हणाले. "माझं लिहिणं चुकलंय. एवढं तरी कुठं लिहून घेता का?"

ते कुठे लिहून घ्यायचं, हे त्या भल्या माणसाला खरोखरच माहीत नव्हतं. परत येताना एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत साहेब इतकंच म्हणाले की नोकरीत त्यांनी एकही मोजणी मागे घेतली नव्हती, त्यामुळे मागे कशी घेतात ते त्यांना शिकायलाच मिळालं नाही.

निघताना त्या कार्यालयातल्या एका कारकुनानं मात्र आम्हाला जिन्यात गाठून कामाची गोष्ट सांगितली होती. आरक्षण पडलं म्हणून लगेच कोणी काही बांधत नाही, वर्षं जातात. पण जागा मोकळी सापडली की ताबा घेतात, कुंपण घालतात. माणसं राहती असली की पुढच्या वर्षावर ढकलतात. पाहणीला बहुधा थंडीतच येतात.

दसऱ्यानंतर टोळी गेली. तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या तासाला, मी वरच्या मजल्यावर आठवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते. खिडकीजवळच्या मुली कुजबुजायला लागल्या म्हणून वळले, तर ओढ्यापलीकडून धुराची एक बारीक, सरळ रेघ वर चढत होती. खाली, वाचलेल्या मैदानात, सातवीच्या मुली खो-खो खेळत होत्या.

साहेब तिथे बसायला लागले होते. रोज सकाळी आठ ते दुपारी दोन. सोबत एक घडीची खुर्ची, वही, तांब्या आणि चहाचं सामान. एकोणीस चुलींपैकी रोज एक पेटवायची, पाळीपाळीनं, म्हणजे कोणतीही चूल वीस दिवसांहून जास्त थंड राहत नसे. गावानं आधी चौकशी केली, मग थट्टा केली, मग सोडून दिलं. नवीन घर घेतलं का साहेब, असं कोणी विचारलं की ते गंभीरपणे उत्तर देत की एकोणीस घेतलीत, आज सातव्यात आहे.

मी त्या पहिल्या हिवाळ्यात एकदाच गेले. त्यांनी मला चहा दिला. धुरकट, फार उकळलेला, गुळाचा. ते बाराव्या चुलीपाशी होते. ती कोणाची, नवरा-बायकोची नावं काय, मुलं किती, हे सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलेलं होतं. टोळी जायच्या आधी प्रत्येक घरी जाऊन बसून त्यांनी ते लिहिलं. तेव्हा कौसाबाईनं पुढे केलेलं पाणी ते प्यायले, हे मला नंतर तिच्याकडून कळलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

पौषात दोन माणसं फीत आणि खुंट्या घेऊन आली. साहेबांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि वही वाचून दाखवली. घर पहिलं, माणसं पाच, सध्या कामाला. घर दुसरं, माणसं चार, सध्या कामाला. एकोणीसही घरं त्यांनी वाचली, एकही न गाळता. मग तुम्ही कोण, असं त्या दोघांनी विचारलं. साहेब म्हणाले, घरातली माणसं बाहेर गेल्यावर कोणीतरी घरी असतं, तो मी. त्या दोघांनी आपल्या कागदावर काय लिहिलं ते ठाऊक नाही, पण खुंट्या परत गेल्या. पुढच्या वर्षीही तसंच झालं. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या एकानं आपल्यासाठी साखरेची पुडी आणली. गुळाचा चहा त्याला चालत नव्हता.

एवढ्यावर कोणी समाधान मानू नये. आरक्षण उठलं नाही. ते आहे म्हणून त्या वस्तीला विजेचं मीटर मिळालं नाही, नळ मिळाला नाही, पक्की भिंत घालायची परवानगी मिळाली नाही. आणि बाजार आजही मुख्य रस्त्यावरच भरतो. आमच्या समितीच्या इतिवृत्ताची वही कुठे आहे, हे विचारायला गेले तर तशी समिती होती हेच कोणाला आठवेना. त्या सगळ्या खटाटोपातून नक्की काय निष्पन्न झालं, याचा हिशेब मी पूर्वी मांडत असे. आता मांडत नाही. थकले आहे.

चौथ्या हिवाळ्यात, माघ लागल्यानंतरच्या एका दिवशी, धूर दिसला नाही. दुसऱ्या तासाला नव्हता, तिसऱ्या तासालाही नव्हता. त्यांना ताप आला होता आणि मुलानं जालन्याला नेलं होतं. दोन दिवसांनी तिथेच गेले. मी अंत्यदर्शनाला गेले, परत आले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. वर्गात मी आता खिडकीच्या बाजूला पाठ करून उभी राहू लागले. ओढ्यापलीकडे गेले नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते. कारणं खरी होती.

चैत्रात ट्रक आल्याचं कळलं तेव्हा मात्र जावं लागलं. कोणीतरी सांगायला हवं होतं.

पत्रे उतरवणं चालू होतं. ऊन चढलेलं, पत्र्यांच्या आवाजानं कान बधिर होत होते. कौसाबाईनं मला बघितलं आणि माझ्या मागे कोणी येतं आहे का ते पाहिलं. साहेब कुठे आहेत, असं विचारलं. मी सांगितलं. तिनं हातातला पत्रा खाली ठेवला, हळू, आवाज न करता, आणि त्यावरच बसली. बाकीच्यांचे हात एकेक करून थांबले. तिनं विचारलं की शेवटी जवळ कोण होतं. मुलगा होता, मी म्हणाले. पाणी प्यायले का, तिनं विचारलं. ते मला माहीत नव्हतं.

मग तिनं नाक पुसलं आणि सगळीकडे एकदा नजर फिरवली. चौकोनांमधून कुसळं उगवून आली होती.

"मंग माघापास्नं हितं कुणीच न्हवतं?"

"नाही."

"मोजाय आल्ते का?"

"नाही. ह्या वर्षी आले नाहीत."

"यंदा आले न्हाईत," ती म्हणाली. "फुडल्या साली येतील."

ती मागे वळून आपल्या माणसांकडे बघत बोलली, की आता एक कोयता मागं ठेवावा लागेल. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम टोळी तशीच मोजतो. एक जोडी मागे राहिली म्हणजे त्या घराचं वर्ष गेलं. कोणतं घर, हे तिनं विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. एक तरुण नवरा उगाच पत्र्याचा खिळा बोटानं दाबत राहिला. त्याच्या बायकोनं खाली बघितलं.

कौसाबाई माझ्याकडे वळली.

"तुमाला कवा टाइम आसतो, बाई?"

मी शाळेचं सांगितलं. अकरा ते साडेपाच, शनिवारी सकाळची, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ती ऐकत होती. मध्ये बोलली नाही, मान हलवली नाही. माझं सगळं सांगून संपेपर्यंत ती थांबली, आणि संपल्यावरही थांबूनच राहिली.

"रविवार," मी म्हणाले.

तिनं हात वर धरला आणि अंगठा मुडपला.

"रविवार झाला," ती म्हणाली, आणि उरलेली चार बोटं तशीच उघडी ठेवून माझ्याकडे बघत राहिली.